उघड्या माळावर वटवाघळं राहतात तरी कुठं? (कॅनडाची प्रेअरी)

माणदेशी | ९ जून, रात्री ११:५२

मंडळी, नमस्कार.

मी मूळचा दहिवडीकडचा, त्यामुळं माळ म्हणजे काय हे मला नव्यानं शिकायचं नव्हतं. तरी कॅनडातल्या सास्काचेवान प्रांताचा माळ पहिल्यांदा बघितला तेव्हा गप्पच झालो. आमच्याकडं निदान बांधावर बाभळ असते, लांब कुठंतरी देवळाचं शिखर दिसतं, डोंगर तर असतोच. इथं गहू, कनोला, मसूर आणि वर आभाळ. बास.

मी ट्रॅक्टर-कंबाइन दुरुस्त करतो. एवढी मशिनं दुकानात आणणं परवडत नाही, म्हणून आम्हीच शेतावर जातो. पहिल्याच उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या यार्डात काम चाललं होतं. जूनमध्ये इथं सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो, म्हणजे दिवेलागण दहाला. हात पुसत उभा होतो, तर जुन्या बार्नच्या (म्हणजे लाकडी गोठा-कोठाराच्या) फळीमागनं काहीतरी टपकलं आणि जमिनीला लागायच्या आत उडालं. मग दुसरं. मग रीघच लागली. म्हाताऱ्याला विचारलं तर म्हणाला, "ही माझ्या आजोबापासनं आहेत. भाडं देत नाहीत, पण त्रासपण देत नाहीत."

ना वड, ना गुहा, ना किल्ल्याचं तळघर. मग ही राहतात कुठं, खातात काय आणि उणे चाळीसच्या थंडीत जातात कुठं? त्यानंतरची सहा-सात वर्षं हे डोक्यात आहे. थोडं वाचलं, थोडं मोजणीला स्वयंसेवक म्हणून बसून शिकलो. ते मांडतो. चुकलो तर कान धरा.

पहिली गोष्ट म्हणजे प्रेअरी, म्हणजे इथला हा गवताळ माळ, सपाट नाही. हायवेवरून सपाट दिसते एवढंच. साउथ सास्काचेवान, रेड डियर, मिल्क, फ्रेंचमन, कापेल या नद्यांनी ती चिरलेली आहे. हिमयुग सरताना वितळलेल्या पाण्यानं या दऱ्या कापल्या. आजच्या नद्या त्यात बापाचा सदरा घातलेल्या पोरासारख्या दिसतात. दरीच्या दोन्ही अंगांना ओघळी आणि घळी, त्यांना इथं कूली म्हणतात. वटवाघळांचा माळ म्हणजे ह्या घळी. वरचं सपाट रान त्यांच्या दृष्टीनं बरंचसं रिकामंच.

घळीत दोन घरं मिळतात. एक, मातकट खडकाच्या भेगा. शेजारच्या आल्बर्टा प्रांतातलं डायनोसॉर प्रोव्हिन्शियल पार्क किंवा मिल्क नदीवरचं रायटिंग-ऑन-स्टोन इथं गेलात तर वाऱ्यापाण्यानं कोरलेले सुळके दिसतील. त्यांच्या भेगांत वेस्टर्न स्मॉल-फुटेड नावाचं जेमतेम पाच ग्रॅमचं वटवाघूळ राहतं. पाच ग्रॅम, म्हणजे आपलं पाच रुपयांचं जुनं जाड नाणंसुद्धा त्याच्यापेक्षा जड. दोन, नदीकाठचे कॉटनवुड. म्हाताऱ्या कॉटनवुडची साल इतकी खोल फाटलेली असते की अख्खा पंजा आत जातो. त्या सालीखाली, ढोलीत, मोडक्या फांदीच्या खोबणीत ही मंडळी दिवस काढतात.

आणि तिसरं घर आपण माणसांनी दिलं. बार्न, चर्चचे माळे, लाकडी धान्यकोठार, ओसाड फार्महाउस. १९३०च्या दशकात या प्रांतांत रेल्वेच्या कडेला साडेपाच हजारांवर ग्रेन एलेव्हेटर, म्हणजे धान्य साठवायचे उंच मनोरे, उभे होते. आता लाकडी फार थोडे उरलेत.

झोप आली. खाण्यापिण्याचं उद्या.

निशाचर | १० जून, सकाळी ९:१०

वा! वाचतोय. रुमाल टाकून ठेवतो.

अवनी_क | १० जून, दुपारी १२:३४

छान लिहिताय. म्हणजे माळावरची वटवाघळं माळ्यावर राहतात तर!

माणदेशी | १० जून, दुपारी १:०२

अवनीताई, हे मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं. शीर्षक बदलू का?

खानापूरकर | १० जून, संध्याकाळी ६:४७

आमच्याकडे भीमगडच्या जंगलात बारापेडेची गुहा आहे. राॅटन्स फ्री-टेल्ड नावाचं वटवाघूळ जगाला पहिल्यांदा तिथूनच कळलं, १९१३ साली. कितीतरी वर्षं तेवढं एकच ठिकाण माहीत होतं. एक गुहा गेली की सगळं गेलं, अशी गत. तुमच्याकडे उलट दिसतंय, चिमूटभर चिमूटभर सगळीकडे पसरलेली. असं आहे का?

माणदेशी | १० जून, रात्री १०:२०

खानापूरकर, उन्हाळ्यात बरोबर तसंच. हिवाळ्यात मात्र तुमच्या गुहेसारखीच गत होते, त्याच्याकडं येतो.

आधी खाणं. कॅनडातली सगळी वटवाघळं किडे खाणारी. पेरू, चिकू, उंबर असली चैन नाही. म्हणजे आपली झाडाला लटकणारी किलोभर वजनाची वाघळं डोक्यातून काढून टाका. इथलं छोटं तपकिरी, ज्याला लिटल ब्राउन म्हणतात, ते सात-आठ ग्रॅमचं. बिग ब्राउन पंधरा-वीसचं. सगळ्यांत मोठं होरी, तेही तीस-पस्तीस ग्रॅमच्या वर जात नाही, पण पंख पसरले की चाळीस सेंटिमीटर. अंगावर पांढुरकी झाक, जणू दव पडून गोठलंय.

किडे कुठं असतात? पाण्यावर. ही प्रेअरी पाण्याच्या डबक्यांनी भरलेली आहे. हिमनदी मागं हटताना बर्फाचे ढेकूळ जमिनीत पुरले गेले, ते वितळून खड्डे झाले. वसंतात त्यात पाणी साठतं, त्याला इथं स्लू म्हणतात. शिवाय प्रत्येक शेतकऱ्याचं एक शेततळं, ते डगआउट. लिटल ब्राउन या पाण्यावर वीतभर उंचीनं फेऱ्या मारतं आणि चिलटं, कॅडिसफ्लाय, मेफ्लाय उचलतं. बिग ब्राउनचे दात-जबडा दणकट, त्याला भुंगेरे आवडतात. होरी उंचावरून सरळ रेषेत जोरात जातं, मोठे पतंग धरतं.

पाणी प्यायचंही उडता उडताच. खाली झेप घेऊन जबड्यानं घोट उचलायचा. म्हणून त्यांना मोकळा, सपाट पाण्याचा पट्टा लागतो. दूध पाजणाऱ्या मादीला तर रोजच. जनावरांच्या लोखंडी टाक्यांतही पितात, पण टाकी अर्धी असेल आणि कडा उभ्या असतील तर पडलेलं वटवाघूळ वर येऊ शकत नाही. एक फळी तिरकी सोडून ठेवली की काम होतं. मी जिथं जातो तिथं आगाऊपणानं हे सांगतो. निम्मे हसतात, निम्मे फळी टाकतात.

जिज्ञासू | ११ जून, सकाळी ८:१५

एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं ना? मग तुमच्याकडे डास नसतील.

माणदेशी | ११ जून, दुपारी १२:४०

जूनमध्ये सास्काचेवानला या आणि हाफ पँट घालून पाच मिनिटं उभे राहा!

हा आकडा १९६०च्या एका प्रयोगातून निघाला. बंद खोलीत वटवाघळं सोडली, डासही सोडले, थोड्या मिनिटांत किती पकडले ते मोजलं आणि मग कुणीतरी तासाला गुणलं. बाहेर समोर पतंग दिसत असताना कोण डासामागं धावणार? डास खातात, पण ताटातला तो लोणच्याएवढाच भाग. भर चिलटांवर आणि पतंगांवर. तरीही पाजणारी लिटल ब्राउन मादी एका रात्रीत स्वतःच्या वजनाएवढे किडे खाते. तेवढं पुरेसं नाही का? मला त्या डासांच्या जाहिरातीचा राग येतो. डास नाही खाल्ले तर काय हाकलून द्यायचं?

सई_रेजायना | १४ जून, रात्री ९:०५

पहिल्यांदाच लिहितेय इथे. हा धागा नेमका आत्ताच दिसला म्हणून राहवलं नाही.

आम्ही मार्चमध्ये लम्सडेनजवळ, कापेलच्या दरीत एक जुनं फार्महाउस घेतलं. गेल्या आठवड्यात माळ्यावर गेले तर कोपऱ्यात काळ्या लेंड्यांचा ढीग. मला वाटलं उंदीर. दुरुस्तीवाल्याने बघून सांगितलं, वटवाघळं. म्हणाला, २८ जूनला येतो, सगळ्या फटी फोमने बुजवतो, एका दिवसात काम. आगाऊ पैसेही दिलेत. दोन लहान मुलं आहेत, रेबीजची भीती वाटते. आता तुमचं वाचून धाकधूक होतेय. काय करू?

माणदेशी | १४ जून, रात्री ९:३८

सईताई, २८ जूनचं काम थांबवा. उद्याच फोन करा.

तुमच्या माळ्यावर बहुतेक बाळंतिणींची वसाहत आहे. इथं शरदात मिलन होतं, मादी वीर्य हिवाळाभर पोटात साठवून ठेवते आणि वसंतात जागी झाल्यावर गर्भ धरते. मग माद्या एकत्र जमून ऊबदार जागा शोधतात. पत्र्याखालचा किंवा काळ्या शिंगल्सखालचा माळा दुपारी तीस-चाळीस अंशांवर जातो, म्हणूनच त्यांना तो हवा असतो. ऊब असली की पिल्लू पटपट वाढतं. लिटल ब्राउनचं वर्षाला एकच पिल्लू. जूनअखेर ते जन्मतं, तीन-चार आठवडे उडता येत नाही. २८ला फटी बुजवल्या तर बाहेर गेलेल्या आया आत येऊ शकणार नाहीत आणि पिल्लं आत मरतील. वास येईल तो वेगळाच. आणि आत अडकलेल्या आया वाट शोधत तुमच्या बेडरूममध्ये उतरतील. म्हणजे ज्याची भीती, तेच.

शिवाय लिटल ब्राउन २०१४पासून कॅनडाच्या कायद्यानुसार संकटग्रस्त यादीत आहे.

सप्टेंबरमध्ये करा. तोवर माळ्याचं दार आणि घराच्या आतल्या बाजूच्या फटी बंद करा, म्हणजे खाली येणार नाहीत. बाहेरच्या फटींना हात नको.

लेंडी चिमटीत दाबून बघायची खूण आहे. वटवाघळाची असेल तर भुगा होतो आणि त्यात किड्यांचे चमकते तुकडे दिसतात. उंदराची कडक राहते. हातमोजे घालून, तोंडाला मास्क लावून, आणि झाडू नका, ओलं करून पुसा.

डॉ_मीनल | १५ जून, सकाळी ७:५०

रेबीजबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. जंगलातल्या वटवाघळांपैकी एक टक्क्याहूनही कमींना रेबीज असतो. पण माणसाला लक्षणं सुरू झाल्यावर उपाय जवळजवळ नाही, म्हणून धोका पत्करायचा नाही. उघड्या हाताने कधीही उचलायचं नाही. चावा इतका बारीक असतो की दिसतही नाही. म्हणून झोपलेल्या माणसाच्या किंवा लहान मुलाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं तर "चावलं नसेल" असं धरून चालू नका. ते सोडून न देता डब्याखाली झाकून ठेवा आणि ८११ या आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, ते तपासणी आणि लशीचं सांगतील. वेळेत लस घेतली तर ती जवळजवळ हमखास वाचवते.

माळ्यावर आहेत आणि खाली येत नाहीत, यात घाबरण्यासारखं काही नाही.

पुणेरी_पाटी | १५ जून, दुपारी २:२२

आणि निपाह? २०२१मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत सापडला होता की. उगाच कौतुक करताय.

डॉ_मीनल | १५ जून, दुपारी ३:०५

सापडली ती बहुतेक निपाहची प्रतिपिंडं, पुण्याच्या विषाणू संस्थेच्या अभ्यासात. ती जवळजवळ सगळी फळं खाणाऱ्या जातीची होती, त्यांचा प्रेअरीतल्या वटवाघळांशी काही संबंध नाही. इथला प्रश्न रेबीज, एवढाच. आणि दोन्हीकडे उपाय सारखाच, त्यांना हात न लावणे.

पुणेरी_पाटी | १५ जून, दुपारी ३:११

ठीक. माघार.

सई_रेजायना | १६ जून, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार. दुरुस्तीवाला वैतागला, आगाऊ रक्कम परत मिळणार नाही म्हणाला. मग सप्टेंबरवर ढकलून घेतलं. मुलांना सांगितलंय की वर पाळणाघर आहे. आता रोज विचारतात, "बाळ झालं का?"

माणदेशी | १६ जून, रात्री ११:१५

हाहा. मुलांना मोजणीला बसवा. सूर्यास्ताआधी दहा-पंधरा मिनिटं खुर्च्या टाकून घराच्या त्या बाजूला बसायचं, बाहेर पडणाऱ्या वटवाघळांच्या पाठीमागं आभाळ येईल असं. बाहेर पडणारं प्रत्येक मोजायचं, आत जाणारं वजा करायचं. अगदी अंधार होईपर्यंत. दोघं जण दोन कोपरे घ्या. जूनमध्ये एकदा, जुलैअखेर एकदा. दुसऱ्या वेळी आकडा फुगला तर पिल्लं उडायला लागली समजायचं.

निशाचर | १७ जून, सकाळी १०:००

झाडाच्या ढोलीतली आणि इमारतीतली, यांच्यात काही फरक पडतो का? की मिळेल तिथे राहतात?

माणदेशी | १८ जून, रात्री १२:३०

निशाचरभाऊ, फार चांगला प्रश्न. यावर इथं सुंदर काम झालंय.

सायप्रेस हिल्स म्हणून एक उंचवटा आहे, आल्बर्टा आणि सास्काचेवानच्या सीमेवर. चहूकडं माळ आणि मधेच ॲस्पेन, पाइन, स्प्रूसचं जंगल. तिथं रेजायना विद्यापीठाच्या मार्क ब्रिगम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बिग ब्राउनच्या पाठीवर चिमुकले रेडिओ चिकटवले आणि वर्षानुवर्षं मागोवा घेतला. ती राहतात ॲस्पेनच्या ढोलीत, त्याही सुतारपक्ष्यांनी कोरून सोडलेल्या. पण एका ढोलीत दोन-तीन दिवस, की चालल्या दुसऱ्या झाडात. शिवाय अख्खी वसाहत एका वेळी एका झाडात नसतेच. आज या दोघी इथं, त्या पाच तिथं, परवा पत्ते पिसल्यासारख्या पुन्हा वेगळ्या. म्हणजे त्यांचं घर म्हणजे एक झाड नव्हे, तो सगळा झाडांचा पट्टा. आमच्या माणातले मेंढपाळ असेच. वाडा आज या रानात, उद्या त्या रानात, पण भावकी एकच.

ह्यातून एक गोष्ट कळते. "एक ढोलीचं झाड ठेवलंय ना" म्हणून बाकीचं रान तोडलं तर उपयोग नाही. सुतारपक्षी पाहिजेत, म्हातारी किडकी झाडं पाहिजेत, एकाच वेळी बरीच पाहिजेत.

होरी त्याच टेकड्यांत, पण ते ढोलीत जात नाही. स्प्रूसच्या पानोळ्यात उघड्यावर लटकतं, एकटं किंवा पिल्लांसकट, बहुतेक वेळा जुळी. आणि झाडाची आग्नेय बाजू निवडतं. सकाळचं ऊन मिळतं, वारा लागत नाही.

इमारतीबद्दल: आल्बर्टाच्या आग्नेय भागात कोरी लाउसेन आणि रॉबर्ट बार्कले यांनी खडकातल्या आणि इमारतीतल्या बिग ब्राउन माद्यांची तुलना केली. इमारतीतल्या लवकर विणाऱ्या, त्यांची पिल्लं एक-दोन आठवडे आधी उडू लागली. इथल्या आखूड उन्हाळ्यात दोन आठवडे म्हणजे चरबी साठवायला मिळालेला मोठा वेळ. ऊबेसाठीच येतात ती. आपल्या घरावर प्रेम वगैरे काही नाही.

आजोळकर | १८ जून, सकाळी ६:४०

कोकणात लहान वटवाघळाला आम्ही पाकोळी म्हणतो. संध्याकाळी दिवा लावताना पाकोळी घरात शिरली की आजी म्हणायची, दिवा मालवा, आपसूक जाईल. जायची.

माणदेशी | १८ जून, दुपारी १:१०

आजोळकर, इथले तज्ज्ञही तेच सांगतात. दिवे मालवा, खिडकी उघडा, आतलं दार लावून घ्या. आजी बरोबर होती. (झोपेतून उठून दिसलं तर मात्र डॉक्टरताईंचं ऐकायचं.)

पवनपुत्र | २२ जून, रात्री ८:३०

मी कॅल्गरीत पवनऊर्जेत काम करतो. कुणी विषय काढायच्या आत स्वतःच काढतो. हो, आमच्या पवनचक्क्यांनी वटवाघळं मरतात. विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, होरी आणि सिल्व्हर-हेअर्ड ही स्थलांतर करणारी. ही हिवाळ्यात इथे थांबत नाहीत, दक्षिणेला जातात आणि जाताना आल्बर्टात रॉकीज पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्यांलगत वाहतात.

२००८मध्ये कॅल्गरी विद्यापीठाच्या एरिन बेरवाल्ड यांनी दाखवलं की बऱ्याच मेलेल्या वटवाघळांच्या फुप्फुसात रक्तस्राव होता. पात्यामागे हवेचा दाब एकदम उतरतो, त्याने. पुढे त्यावर वाद झाला, पात्याचा थेट फटकाच मुख्य असं म्हणणारेही आहेत. मला त्या वादापेक्षा दुसरं काम महत्त्वाचं वाटतं. वटवाघळं मंद वाऱ्यात उडतात. चक्की साधारण सेकंदाला ४ मीटर वाऱ्याला फिरू लागते. ती ५.५ला सुरू केली, फक्त त्या थोड्या आठवड्यांत आणि फक्त रात्री, तर मृत्यू जवळजवळ ६० टक्क्यांनी घटले. मंद वाऱ्यात वीज तशीही नगण्य होते.

जिज्ञासू | २२ जून, रात्री ९:०२

मग सगळे करत का नाहीत?

पवनपुत्र | २२ जून, रात्री ९:४०

जिथे परवान्यात अट आहे तिथे करतात. जिथे नाही तिथे, तुम्हीच समजा. आमच्या बैठकीत मी दोनदा बोललो. तिसऱ्यांदा बोलल्यावर वरिष्ठांनी विचारलं, "तुला पक्षीनिरीक्षणाचा नाद आहे का?" वटवाघूळ पक्षी नाही, हे सांगायचं राहून गेलं.

माणदेशी | २३ जून, रात्री ११:०५

पवनपुत्र, मनापासून आभार. होरी, सिल्व्हर-हेअर्ड आणि ईस्टर्न रेड, तिघांनाही २०२३मध्ये कोसेविक या तज्ज्ञ समितीनं संकटग्रस्त ठरवलं. कारणांत चक्क्या वरच्या क्रमांकावर.

आता हिवाळा, खानापूरकरांना कबूल केला होता तो.

स्थलांतर करणारी गेली. लिटल ब्राउन थंड, दमट, पण न गोठणाऱ्या जागी जाऊन निजतात. मॅनिटोबात उत्तरेकडं चुनखडीच्या गुहा आहेत, आल्बर्टात रॉकीजच्या पायथ्याला कॅडोमिन गुहा. तिथं हृदयाचे ठोके मिनिटाला शेकड्यांवरून दहा-वीसवर येतात. ऑक्टोबर ते एप्रिल, साठवलेल्या दोन-अडीच ग्रॅम चरबीवर.

पण बिग ब्राउन कमालीचं. डायनोसॉर पार्कच्या खोऱ्यात त्यातली काही तिथल्याच खडकाच्या खोल भेगांत हिवाळा काढतात. एवढंच नाही, थंडीत मधेच बाहेर येऊन उडतात. पारा शून्याखाली असतानासुद्धा. एकही किडा नसतो तेव्हा. बहुधा पाण्यासाठी किंवा भेग बदलायला. मी जानेवारीत गाडीतून उतरून पाना हातात धरला की बोटं चिकटतात, आणि हे वीस ग्रॅमचं जनावर उघड्या चामड्याच्या पंखांनी फिरतंय.

शहरातली बिग ब्राउन तापवलेल्या इमारतींच्या भिंतींत झोपतात. म्हणून जानेवारीत सास्काटूनच्या एखाद्या कचेरीच्या जिन्यात वटवाघूळ सापडलं अशी गोष्ट होते. त्याला बाहेर सोडायचं नाही, मरेल. वन्यजीव उपचार केंद्राला फोन करायचा, ते वसंतापर्यंत सांभाळतात.

आणि मोठी आपत्ती. पांढऱ्या नाकाचा रोग, एक थंडप्रिय बुरशी. न्यूयॉर्क राज्यात २००६ला पहिल्यांदा दिसली. झोपलेल्यांच्या नाकावर, पंखांवर वाढते, त्यांना पुन्हा पुन्हा जाग आणते, चरबी फेब्रुवारीतच संपते. कॅनडात २०१०ला आली, मॅनिटोबात २०१८ला रोग सापडला, सास्काचेवानात बुरशी २०२१ला, आल्बर्टात २०२२ला. पूर्वेकडं काही गुहांत दहातली नऊ गेली. गुहा गेली की सगळं गेलं, खानापूरकर. ते इथंही खरं. म्हणून पश्चिमेकडची जी वटवाघळं खडकांच्या भेगांत दोन-चार, दोन-चार अशी झोपतात त्यांच्याकडं लोक आशेनं बघतात. गर्दी नाही, तर कदाचित संसर्गही कमी.

खानापूरकर | २४ जून, सकाळी ७:१५

वाचून पोटात कालवलं. आमच्या गुहेत पूर्वी सहली जायच्या. आता बंदी आहे ते बरं.

बारामतीचा_बाळ्या | २६ जून, दुपारी ४:००

इथं झाडं लावून काही होत नाय का? नुसतं वाचवा वाचवा म्हणून काय उपयोग.

माणदेशी | २६ जून, रात्री १०:१०

बाळासाहेब, लावली होती की. ह्याच माळावर, साठ कोटींच्या वर.

सास्काचेवानमध्ये इंडियन हेड गावी सरकारी रोपवाटिका होती, १९०१पासून. शेतकऱ्याला फुकट रोपं. कॅरागाना, ग्रीन ॲश, मॅनिटोबा मेपल. यार्डाभोवती आणि शेतांच्या कडेनं रांगा लावायच्या, वारा अडवायला. १९३०च्या दशकात माती उडून गेल्यावर तर जोरात. त्यांना शेल्टरबेल्ट म्हणतात. वटवाघळांचा विचार कुणाच्या मनात नव्हता. पण वारा अडला की आडोशाला किडे साठतात. शिवाय वटवाघूळ उघड्या रानातून जायला कचरतं, झाडांच्या रांगेला धरून जातं. त्या रांगा त्यांचे रस्ते झाले. बार्नपासून शेततळ्यापर्यंत सलग सावली.

रोपवाटिका केंद्र सरकारनं २०१३ला बंद केली. आणि रांगा आता उपटल्या जातायत. का? माझ्यामुळं. म्हणजे मी दुरुस्त करतो त्या मशिनांमुळं. सत्तर फुटी एअर-सीडर, म्हणजे पेरणीचं यंत्र, वळवायला झाडं आडवी येतात. परवाच एकाकडं गेलो होतो, अर्धा मैल कॅरागाना बुलडोझरनं ढकलून ढीग पेटवलेला. तो माणूस वाईट नाही. हप्ते त्यालाही आहेत. मी त्याचा सीडर नीट करून दिला आणि बिल दिलं. काय बोलणार.

बारामतीचा_बाळ्या | २६ जून, रात्री १०:३२

आमच्याकडं बांध कोरतात, तसंच म्हणा की.

माणदेशी | २६ जून, रात्री १०:३५

तंतोतंत.

सई_रेजायना | १९ जून ते १ ऑगस्टचा हिशेब, लिहिलं २ ऑगस्टला, रात्री १०:२०

हजेरी लावते. १९ जून: ४१. २९ जुलै: ६८. दोन्ही वेळा धाकटी मध्येच झोपली, थोरल्याने टिकवलं. चिरंजीवांचं म्हणणं, पिल्लं ओळखू येतात कारण ती "दारातच अडखळतात". खरंच, दोन-तीन वेळा फटीतून बाहेर डोकावून परत आत.

आल्बर्टातल्या सामुदायिक बॅट कार्यक्रमाच्या पानावरून वटवाघळांना राहायला लावतात त्या लाकडी पेटीचे नकाशे घेतले. नवऱ्याने दोन बनवल्या, चार खणांच्या, आतून फळी खरवडलेली. दक्षिणेच्या भिंतीवर चार मीटर उंच लावल्या. तो तीन दिवस शिडीवर होता, म्हणून इथे त्याचं कौतुक नोंदवते.

माणदेशी | २ ऑगस्ट, रात्री ११:४५

६८! भले शाब्बास. भाऊसाहेबांनाही नमस्कार.

परवा मोबाइलला जोडायचं बॅट डिटेक्टर घेऊन मी एका स्लूवर बसलो होतो. आपल्याला वीस किलोहर्ट्झच्या वर ऐकू येत नाही, ही चाळीसच्या आसपास बोलतात. यंत्र ते उतरवून टकटक ऐकवतं. किडा जवळ आला की टकटक घाईची होत होत शेवटी नुसतं 'झर्र'. म्हणजे घास. पाऊण तासात किती झर्र ऐकले ते मोजायचं सोडून दिलं. वर मधेच एकदा खालच्या पट्टीत, सावकाश, लांब लांब. होरी असावं, वीसच्या आसपास. दक्षिणेला निघालेलं. पवनपुत्र, लक्ष असू द्या.

पवनपुत्र | ३ ऑगस्ट, सकाळी ८:००

चौथ्यांदा बोललोय. यावेळी इनिशियल खर्चाचा तक्ता घेऊन. बघू.

सई_रेजायना | १४ सप्टेंबर, रात्री ९:३०

दुरुस्तीवाला आला. आधी फटीवर एका बाजूने जाळी सोडली, खाली मोकळी, म्हणजे बाहेर पडता येतं पण परत शिरता येत नाही. आठवडाभर ठेवली. तीन रात्री एकही बाहेर आलं नाही, मग बुजवलं. माळा साफ केला. तीन पोती खत निघालं! ते टोमॅटोच्या वाफ्यात जाणार.

मुलं थोडी हिरमुसली. रात्री ओसरीवर बसायची सवय झाली होती.

अवनी_क | १५ सप्टेंबर, सकाळी ९:००

पेट्यांमध्ये कुणी आलं का गं?

सई_रेजायना | १५ सप्टेंबर, दुपारी १:३०

छे. एक गांधीलमाशी.

सई_रेजायना | २७ मे, रात्री १०:४०

धागा वर काढते. परत आलीत!

पेट्या अजून रिकाम्याच. नवरा रुसलाय. पण काल संध्याकाळी मशीन शेडपाशी थोरला ओरडला म्हणून धावलो. शेडच्या पत्र्याखाली, जिथे लाकडी वासा आणि पत्रा यांच्यात बोटभर फट आहे, तिथून एकामागून एक. २३ मोजली, अजून काही असतील. शेडच्या दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टर उभा आहे आणि त्याच्या सीटवर आत्ताच काळा सडा पडलाय.

माणदेशी, ट्रॅक्टरचं सीट झाकायला काय वापरावं?

माणदेशी | २७ मे, रात्री १०:५८

जुनी ताडपत्री. किंवा ट्रॅक्टर बाहेर काढा.